ज्ञानू तांबटाचा कान

पापाच्या तिकटीकडून गंगावेशीकडे उतरताना डाव्या हाताला तांबटांची एक अरुंद गल्ली होती. गल्लीच्या तोंडाशी ज्ञानू तांबटाचं दुकान. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडी पडवी, तीत रोवलेली एक ऐरण, भिंतीला टांगलेले हातोडे आणि उंबऱ्याबाहेर अर्धा जमिनीत गेलेला एक काळा दगड. पडवीच्या मागे स्वयंपाकघर, मध्ये फक्त एक कुडाची भिंत. कोल्हापुरातल्या निम्म्या घरांची जुनी भांडी शेवटी त्या काळ्या दगडाशी आलेली होती.

जुनं भांडं मोडीत घेण्याची ज्ञानूची रीत ठरलेली होती. त्याच्या बापाची तीच होती, बापाच्या बापाचीही. भांडं दगडावर आडवं ठेवायचं, काठाला छिन्नी टेकवायची आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून विचारायचं, "मोडू?" गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं "मोडा" म्हटलं पाहिजे. नुसती मान हलवून चालत नसे. सासूच्या भांड्याला सुनेनं म्हणून चालत नसे, भावाच्या भांड्याला भावानं. एकदा एक सून सासूचं तपेलं घेऊन आली, तर ज्ञानूनं तिला तशीच कसबा बावड्याला परत पाठवली आणि म्हातारीला बैलगाडीत घालून आणायला लावली होती. म्हातारीनं गाडीतूनच "मोड बाबा एकदा" म्हटलं, तेव्हा कुठं हातोडा खाली आला.

एक घाव. काठाला बोटभर खाच पडायची. तेवढ्यानं ते भांडं राहत नसे, नुसतं तांबं व्हायचं. तांब्याला नाव नाही, घर नाही. मग ते कोपऱ्यातल्या ढिगात जायचं. खाच पडलेलं भांडं पुन्हा घरात न्यायचं नाही, त्यात पाणी भरायचं नाही, असा गल्लीचा दंडक होता.

पण मोडायच्या आधी भांडं खरोखरच गेलं आहे का, हे ठरवावं लागे. आणि ते ठरवायला ज्ञानूचा कान होता.

तो सहा वर्षांचा असताना बाप त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचा आणि पाठीमागे भांडी वाजवायचा. चांगलं भांडं वाजलं की आवाज सुटून जातो, दूरवर जाऊन बारीक होत होत संपतो. बाप त्याला आवाजाचं शेपूट म्हणायचा. केसाएवढी चीर असली तरी शेपूट तुटतं. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण आवाज जागच्या जागी बसतो. ज्ञानू चुकला की बाप पाठीत बुक्की घालायचा. बाराव्या वर्षी बुक्क्या बंद झाल्या. पुढं विशीत तो गल्लीचा कान झाला. दुसरे तांबट भांड्यात पाणी भरून ठेवायचे, उन्हाकडे धरून भोक बघायचे. ज्ञानू हे करणाऱ्याला हसायचा. "डोळ्यानं कुणी गाणं ऐकतंय व्हय?" म्हणायचा. आणि समोरचा सयाजी तांबट, जो एरवी ज्ञानूच्या शेंडीपासून टाचेपर्यंत सगळ्याची टिंगल करायचा, तोही स्वतःचं अडलेलं भांडं त्याच्यापुढं आणून ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा.

एकावन्न साली ज्ञानू साठीला आला होता. गल्ली आता पूर्वीची राहिली नव्हती. बाजारात जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आली होती. हलकी, पांढरी, कल्हईची कटकट नसलेली. थोरला मुलगा कृष्णात उद्यमनगरात लेथवर कामाला जायचा आणि महिन्यातून एकदा तरी म्हणायचा, "आबा, दुकान जर्मलचं करूया." तीन घरं हातोडा ठेवून दुसऱ्या धंद्याला लागली होती. ज्ञानूला गल्ली दिवसेंदिवस शांत वाटायची. पूर्वी दहा हातोड्यांचा कल्लोळ व्हायचा. आता दुपारच्या वेळी गल्लीवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. धंदा बसला, त्याचा हा आवाज, असं तो मनाशी म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं सगळं नव्हतं.

"औंदा चिमण्या न्हाईत," तो एकदा जेवताना म्हणाला.

त्याची बायको तानाबाई भाकरी थापत होती. तिनं आढ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. भाकरी तव्यावर टाकली.

*

त्या वर्षी फाल्गुनात त्याच्याकडे एक नवा माणूस येऊन बसू लागला. यज्ञेश्वरपंत वाडीकर. मूळचे नृसिंहवाडीचे, पण जन्म कोल्हापुरात गेलेला. संस्थानच्या कचेरीत पंचवीस वर्षं नकलनवीस होते. एकोणपन्नासच्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं, पुढं त्यांचं खातं मिटलं आणि ते मुदतीच्या आधी घरी बसले. आता ते धंद्यांतले शब्द गोळा करत हिंडायचे. चांभाराकडे, कुंभाराकडे, तालमीत, गुऱ्हाळात. खांद्याला पिशवी, पिशवीत कागदाच्या चिठ्ठ्या. कचेरी मिटली तेव्हा जुने छापील अर्ज रद्दीत चालले होते, ते त्यांनी मागून आणले होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते शब्द लिहायचे. चिठ्ठी उलटली की मागे संस्थानची मुद्रा आणि 'अर्जदाराचे नाव' अशी रिकामी ओळ दिसायची.

"ज्ञानबा," त्यांनी एका सकाळी विचारलं, "मोडीत निघणं हा शब्द तुमचाच ना?"

"मग कुणाचा? सोनाराचाबी हाय म्हणा. पर सोनाराची मोड पुडीत मावती. मोड म्हंजे आमची. ती बघा की, कोपऱ्यात पडलीया."

"आमच्या कचेरीत एक जण म्हणायचा, मोडी अक्षरावरून आला असेल."

"त्यास्नी हिकडं धाडा. दगडावर ठेवून दावतो, कशावरनं आलाय त्यो."

समोरून सयाजी हसला. वाडीकरही हसले आणि त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढून वाचली. "मोड म्हणजे तुटकी, जुनी धातूची भांडी वा दागिने. त्यावरून मोडीत निघणे: जुने होऊन निरुपयोगी ठरणे, काळाच्या मागे पडणे. बरोबर?"

"चूक."

"काय चूक?"

"पयलं बरोबर. फुडचं चूक." ज्ञानूनं हातोडा खाली ठेवला. "जुनं झालं म्हणून कायबी मोडीत निघत न्हाय. आमच्या घरचं तपेलं माझ्या आज्याच्या वक्ताचं हाय. आजबी त्यात भात शिजतोय. आनि परवा एक पावणं आलतं, वरसाचा तांब्या घिऊन. नवा कोरा. मोडा म्हनलं. का, तर घरात जर्मल आनलंय. आता ह्यात जुनं कोन झालं, सांगा."

"मग काय लिहू?"

"ल्ह्या, मालकानं मोडा म्हटलं, की निघालं मोडीत. त्याच्या आदी न्हाय. भांड्याच्या अंगात काय नसतंय. सगळं मालकाच्या तोंडात असतंय."

वाडीकरांनी पेन्सिल जिभेला लावली, पण लिहिलं नाही. ते त्या दगडाकडे बघत होते.

"माझ्या बाबतीत विचारलं असेल का हो कुणी कुणाला? मोडू, म्हणून?"

"तुमचा मालक कोन हुता?"

"आधी एक सरकार. मग दुसरं."

"मग म्हटलं असंल कुणीतरी."

"म्हटलं असेल," वाडीकर म्हणाले. "मला ऐकू आलं नाही. खाच तेवढी दिसली."

तानाबाईनं आतून चहा आणला. दोघांनी तो बशीत ओतून प्यायला.

*

चैत्रातल्या एका सोमवारी शिरोळकडची एक बाई आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रिकामी तांब्याची घागर. नाव बायडाबाई. जयसिंगपूरला गाडीत बसून आलेली, पाय धुळीनं भरलेले.

"बसा की, पावणं," ज्ञानू म्हणाला.

"बसतो. पाय लई भाजल्यात." तिनं घागर मांडीवर घेतली, एखादं पोर घ्यावं तशी. "तांबटमामा, ही माझ्या आईची घागर हाय. हितं गळ्याखाली नाव हाय बघा, बाळाबाई. वाडीच्या संगमावर भरायची ती. माझ्या पोरीचं लगीन हाय वैशाखात. तिला हीच द्यायची मनात हाय. पर चार दिस झालं, भरून ठिवली की बुडाखाली ओल येती. भावजय म्हनती, चिरली. मी म्हनतो, न्हाय. घरात रोज तेवढ्यावरनं भांडान. शेवटी म्हटलं, कोलापुरात दावून येतो. बरी असली तर हीच देतो. गेली असली तर मोडून नवी करून द्या. तुमी सांगशीला ते खरं."

ज्ञानूनं घागर घेतली. जड होती, असं जाड तांबं आता कुणी वापरत नव्हतं. त्यानं काठाला दोन बोटांनी धरून ती अधांतरी उचलली आणि उजव्या हाताचं बोट वाकवून पोटावर ठोकलं.

आवाज आला. ठक्क करून आला आणि जागेवर बसला. शेपूट नव्हतं.

त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

"गेली," तो म्हणाला.

"नक्की?"

"पन्नास वरसं हेच करतोय, पावणं."

बायडाबाईनं नावावरून बोट फिरवलं. भावजय जिंकली, याचंही दुःख तिच्या तोंडावर दिसत होतं. ज्ञानूनं घागर दगडावर आडवी केली, छिन्नी टेकवली आणि विचारलं, "मोडू?"

"मोडा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसली. घाव पडला तेव्हा तिचे खांदे हलले.

"नवीवर आईचंच नाव घालशीला?"

"घालतो. फुडल्या सोमवारी या."

ती गेली. रिकामी चुंबळ तिनं हातात घेतली होती.

थोड्या वेळानं तानाबाई पदराला हात पुसत पडवीत आली. "ती घागर कुणाची वो?"

"का?"

"काय वाजली! आत चुलीपातुर आवाज आला. दोन येळा ठोकलासा न्हवं? म्हटलं, आजकाल असं तांबं कुठं ऱ्हायलंय. न्हेली व्हय बाईनं?"

ज्ञानूनं ढिगाकडे बघितलं नाही. "हं," म्हणाला.

*

दुपारी गल्ली जेवायला आत गेली, तेव्हा त्यानं घागर ढिगातून काढली. जन्मभर ज्या गोष्टींना तो हसला, त्या त्यानं एकेक करून केल्या. घागर उन्हाकडे धरली, तोंडातून आत बघितलं. आत काळोख होता, एकही ठिपका नाही. मग अंगणातल्या डेऱ्यातलं उन्हानं तापलेलं पाणी खाचेच्या खालपर्यंत भरलं आणि बुडाखाली चाळलेली राख पसरली. गार पाणी भरलं की तांब्याला बाहेरून घाम येतो. कोमट पाण्याला येत नाही. एवढं तर कुठल्याही तांबटाला ठाऊक. बायडाबाईची ओल घामाची होती की चिरेची, ते राख सांगणार होती.

सकाळी राख कोरडी होती. बोटानं उचलली तर उडाली.

त्यानं पाणी ओतून दिलं, घागर उचलली, ठोकली. ठक्क. मग डावा तळवा घागरीच्या पोटाला लावून ठोकली. तळव्याखाली तांबं थरथरत होतं, बराच वेळ, बारीक बारीक होत. हाताला कळत होतं, कानाला कळत नव्हतं. त्यानं ढिगातलं एक खरंच चिरलेलं तपेलं घेतलं आणि तसाच तळवा लावला. तेही थरथरलं. दोन्हींत फरक काय, ते हाताला सांगता येईना. हाताला त्याच्या बापानं शिकवलं नव्हतं.

मग त्यानं वर बघितलं. आढ्याच्या बेचक्यात चिमण्यांचं घरटं होतं. दोन पिलं चोची वासून बसली होती, आणि त्या लाल चोची सारख्या उघडत मिटत होत्या. ती ओरडत होती. ज्ञानू खाली उभा राहून ते ओरडणं बघत होता.

माणसांचे जाड आवाज त्याला येत होते. तांबटाच्या घरात कुणी हळू बोलतच नाही. सगळे ओरडून बोलतात, म्हणून कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. गेलं होतं ते फक्त बारीक, लांबत जाणारं. आवाजाचं शेपूट.

त्या आठवड्यात त्यानं नवी घागर केली. पत्रा तापवला, ठोकला, बारीक ठोके देत मठारला. काम हाताचं होतं, हात चोख होता. गळ्याखाली 'बाळाबाई' असं नाव घातलं. घागर सुरेख झाली. ती तशीच बायडाबाईच्या हातात दिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाई खूश होऊन गेली असती. जुनी घागर ढिगाबरोबर भट्टीत गेली असती, आणि गल्लीचा कान गल्लीचाच राहिला असता.

त्याला बायडाबाईची भीती वाटत नव्हती. भीती होती ती मागची. हे एकदा बोललं, की गल्ली मागे मोजत जाणार. कधीपासून? चिमण्या कधीपासून नाहीत? गेल्या दिवाळीत रुईकरांचा बंब मोडला तो? आणि पाटलांच्या घरचं, लग्नातलं घंगाळ? किती जणांनी त्याच्या तोंडाकडे बघून "मोडा" म्हटलं असेल, आणि त्यातली किती भांडी चांगली असतील? ती सगळी कधीच वितळली होती. कुणाची परात झाली होती, कुणाचा तांब्या. त्यांना आता वाजवून बघता येत नव्हतं. ती संख्या त्याला कधीच कळणार नव्हती, आणि न कळणारी संख्या वाढत जाते.

त्या आठवड्यात तिघं जण जुनं भांडं घेऊन आले. तिघांना त्यानं काहीबाही सांगून परत पाठवलं. सयाजी म्हणाला, "काय रं, सोवळ्यात बसलाईस काय?"

शनिवारी वाडीकर आले. चिठ्ठी त्यांनी सुधारून आणली होती. "ऐका. मोडीत निघणे: मालकाने मोडण्यास संमती देताच भांड्याचे भांडेपण संपणे. त्यावरून, माणूस किंवा चाल दुसऱ्याच्या निर्णयाने टाकाऊ ठरणे. आता?"

ज्ञानूनं विस्तवावर राख ओढली. मग म्हणाला, "पंत, मालकानं मोडा म्हटलं. पर ज्यानं मालकाला सांगितलं, त्यानंच चुकीचं सांगितलं असलं तर?"

"मुद्दाम?"

"न्हाय. त्याला वाटलं, खरंच गेलंय."

"मग चूक झाली."

"ते कळतंय. पर चुकीनं मोडीत गेल्यालं, मोडीत गेलं का न्हाय?"

वाडीकरांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ज्ञानबा, मी अजून रोज सकाळी कचेरीच्या वेळेला कोट घालतो. बटणं लावतो. मग काढून खुंटीला अडकवतो. हा प्रश्न मला विचारू नका."

*

सोमवारी बायडाबाई आली तेव्हा वाडीकर पडवीत बसलेले होते. समोर सयाजी परात ठोकत होता. ज्ञानूनं दोन्ही घागरी दगडाच्या दोन बाजूंना ठेवल्या. नवी झगमगत होती. जुनीच्या काठाला खाच होती.

"अगं बाई, झकास झालीया की!" बायडाबाई नवीकडे वळली. मग जुनीकडे तिचं लक्ष गेलं. "ही अजून हितंच?"

"बसा, पावणं."

"काय झालं?"

"तुमची घागर गेली नव्हती," ज्ञानू म्हणाला. तो नेहमीच्या आवाजात बोलला, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "चांगली हुती. तांब्याला घाम येत हुता, गार पाण्यानं. मी गेली म्हटलं ते चूक. मला आवाज आला न्हाय."

सयाजीचा हातोडा वरच्या वर थांबला. ज्ञानूला ते कळलं, कारण हात थांबलेला दिसला.

बायडाबाई उभी राहिली. "म्हंजे? मी तुमच्या तोंडाकडं बघून मोडा म्हटलं! माझ्या आईची घागर मी माझ्या तोंडानं मोडली व्हय?"

"तुमच्या तोंडानं न्हाय. माझ्या कानानं मोडली."

"मग आदी सांगायचं हुतं की! आठ दिस मी भावजयीचं टोमणं खातोय. रोज. 'बघा, मी म्हटलं न्हवतं?' जेवताना, झाडताना, म्हशीची धार काढताना! आनि तुमी हितं नवी घागर ठोकत बसलाईसा!"

ज्ञानूनं सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज चढला की बारीक व्हायचा आणि अर्धा त्याच्या कानाबाहेर राहायचा, पण तोंडावरून सगळं कळत होतं. ती थकून थांबली, तेव्हा तो म्हणाला, "एकदा वाजवून बघा. तुमीच. आनि मला सांगा."

तिनं त्याच्याकडे रागानं बघितलं. मग जुनी घागर उचलली, त्यानं धरली होती तशीच काठाला दोन बोटांनी, आणि वाकड्या बोटानं ठोकली.

ज्ञानूला ठक्क ऐकू आलं. पण त्यानं बायडाबाईचे डोळे बघितले. ते आवाजाच्या मागे गेले. आधी घागरीकडे, मग वर, मग गल्लीच्या तोंडाकडे, आणि तिथं कुठंतरी थांबले. वाडीकरांनी डोळे मिटले होते. सयाजीची मान किंचित कलली होती. तेवढा वेळ ज्ञानू एकटाच शांततेत उभा होता.

"वाजती," बायडाबाई म्हणाली. राग अर्धा उतरला होता. "पर खाचेपाशी जरा चिरचिरती."

"तेवढं झाळून देतो. खूण ऱ्हाईल."

"आरं ज्ञानू!" सयाजी रस्ता ओलांडून आला. "खाच पडल्यालं भांडं घरात न्हेत न्हाईत. बापाच्या वक्तापासनं न्हाय. आनि लग्नात देनार व्हय?"

"कोन न्हेत न्हाय?" बायडाबाई त्याच्यावर उलटली. "घागर कुणाची हाय? तुमची?"

"न्हाय, पर..."

"माझी हाय न्हवं? मी मोडा म्हटलं तवा मोडली. आता मी म्हनतो, मोडू नगा. झालं? का माझं तोंड मोडायलाच चालतंय, आनि राखायला चालत न्हाय?"

वाडीकरांनी पिशवीत हात घातला होता, तो तसाच राहिला.

ज्ञानूनं विस्तव फुंकला आणि तिच्यासमोर खाच झाळून दिली. पितळेची एक पिवळी रेघ काठावर राहिली, नखाएवढी. बायडाबाईनं बोटानं चाचपून बघितली. "पोरीच्या सासूनं इचारलं तर पोर सांगंल, आज्जीच्या घागरीला कोलापुरात लागलंय म्हणून." आणि चुंबळ डोक्यावर ठेवू लागली.

"आनि ही?" ज्ञानूनं नवी पुढं केली. "हिच्यावर बाळाबाई घातलंय. ही दुसऱ्या कुणाच्या कामाची न्हाय."

"असू दे दुकानात. कोलापुरात बाळाबाया काय कमी हायत? येईल की एखादी."

गल्ली हसली. ती स्वतः हसली नाही, पण घागर डोक्यावर घेऊन निघताना एकदा वळली आणि म्हणाली, "येतो, मामा."

*

आता फक्त एक गोष्ट राहिली होती आणि सगळे तिच्याकडे न बघता तिच्याभोवती उभे होते. सयाजी परत जात नव्हता. वाडीकर उठत नव्हते. ज्ञानू दगडाशी बसला. त्याच्या मनात आलं, रीत आहे ती आहे. ज्याची वस्तू, त्यानंच स्वतःच्या तोंडानं म्हटलं पाहिजे. मान हलवून चालत नाही. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही.

"सयाजी," तो म्हणाला, "माझा कान मोडीत निघाला. मीच म्हनतोय. आजपासनं वाजवायचं भांडं माझ्याकडं आनू नगा."

सयाजी एरवी असता तर काहीतरी बोलला असता. त्याला टिंगल आठवेना. "मग कुणाकडं आनू?" तो म्हणाला, आणि ते त्यानं खरंच विचारलं होतं.

"माझ्याकडं आना, आनि कुणाकडं!" तानाबाई आतून आली. हाताला पीठ होतं. "चाळीस वरसं कुडाच्या पल्याड बसून ऐकतोय मी. ह्यांनी बरं म्हटलं की बरं कसं वाजतंय, गेलं म्हटलं की गेलं कसं वाजतंय, भाकऱ्या थापत थापत पाठ झालंय सगळं. हल्ली हल्ली कवा कवा वाटायचं, आँ, हे तर बरं वाजलं की. पर म्हटलं, ह्यांचा कान हाय."

"मग बोलली का न्हाईस?" ज्ञानू म्हणाला.

"तुमी कवा इचारलासा?"

गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय जन्मात एक घाव घातला नव्हता त्यानं.

सयाजी घरात गेला आणि एक तपेलं घेऊन आला. थट्टा करायला आणलं की खरोखरच, ते त्यालाही ठाऊक नसावं. ज्ञानूनं ते घेतलं आणि तानाबाईपुढं धरलं. तिनं पीठ पदराला पुसलं, तपेल्याचा काठ दोन बोटांनी धरला आणि ठोकलं. ज्ञानू तपेल्याकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या भुवया जरा वर गेल्या, थांबल्या आणि पटकन खाली आल्या.

"गेलं," ती म्हणाली. "कडंला चिरलंय."

सयाजीनं तपेलं उलटंसुलटं केलं, काही दिसलं नाही. त्यानं ते पाण्यानं भरलं. घटकाभरानं कडेच्या जोडाखाली एक थेंब आला. सयाजीनं थेंब बोटावर घेतला आणि बराच वेळ बघितला.

"मोडायचं मात्र तुमी," तानाबाई नवऱ्याला म्हणाली. "ते मला जमायचं न्हाय."

ज्ञानूनं तपेलं दगडावर आडवं केलं, छिन्नी टेकवली. "मोडू?" त्यानं सयाजीला विचारलं.

सयाजीच्या आईचं तपेलं होतं ते. "थांब जरा," तो म्हणाला. "आईला इचारून येतो."

वाडीकर त्या दिवशी चिठ्ठी न लिहिताच गेले. पुढं पावसाळ्यापर्यंत ते येत राहिले. एकदा ज्ञानूनं विचारलं, त्या शब्दाचं काय झालं. त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली. जुना अर्थ खोडला होता, त्याखालचाही खोडला होता. मग नुसतं एवढंच होतं: 'मोड. तांबट आळीत विचारावे.' त्या दिवशी उकाडा फार होता, वाडीकर नुसत्या सदऱ्यावर आले होते आणि सकाळी कोट खुंटीवरून काढलाच नाही म्हणाले.

'बाळाबाई' नावाची घागर पडवीत टांगलेली होती. चारपाच बाळाबाया येऊन बघून गेल्या. जड आहे, म्हणाल्या.

आढ्यातली पिलं उडून गेली, दुसरी झाली. ज्ञानू कधी कधी काम थांबवून वर बघायचा.

"हायत काय गं?" तो आत विचारायचा.

"हायत की," तानाबाई कुडापलीकडून ओरडून सांगायची. "लई कालवा करत्यात."

"करू दे," तो म्हणायचा आणि हातोडा उचलायचा.